मोटरीच्या घरघरीतला आकडा : फूरियर ट्रान्सफॉर्म, फोनवर, दहा-बारा ओळींत

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे कमी केलेत, बाकी बोललं तसंच ठेवलंय.)

लाखनीहून बोलतेय. कानात इअरफोन असेल तर आज एक काम करा, आवाज थोडा कमी ठेवा, कारण मधे एका मोटरीचा आवाज ऐकवणार आहे आणि ती मोटर काही गोड गळ्याची नाही.

फूरियर ट्रान्सफॉर्मवर बोला, असे बरेच मेसेज आलेत. त्यातला एक मला फार आवडला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा लिहितो, “ताई, नमपायमध्ये एक ओळ लिहिली की ग्राफ येतो. ग्राफमध्ये सुळके येतात. परीक्षेत मार्कही येतात. पण सुळका म्हणजे नेमकं काय, ते मला अजून कळलं नाही.” त्याची अडचण बहुतेकांची आहे. पुस्तकात पहिल्याच पानावर इंटिग्रल येतं, त्यात ई चा घातांक, त्या घातांकात काल्पनिक संख्या, आणि आपण वही मिटतो. म्हणून आज त्या वाटेने जायचंच नाही. गुणाकार आणि बेरीज येते ना? तेवढ्यावर काम भागतं.

डेटा कुठला घ्यायचा? आपल्याकडे तो शेतावर पडलाय. उन्हाळी धान लावलेलं असतं, बांधीत पाणी पाहिजे, विहिरीवर किंवा नाल्यावर मोनोब्लॉक पंप बसवलेला असतो, आणि ऐन गरजेच्या आठवड्यात त्याचा आवाज बदलतो. मग धुऱ्यावर उभं राहून चार माणसं चार मतं देतात. एक म्हणतो बेअरिंग गेली, दुसरा म्हणतो व्होल्टेज कमी आहे, तिसरा म्हणतो आत काडीकचरा अडकला. मोटर जळली तर रिवाइंडिंगच्या दुकानात नंबर लावा, आणि तोवर धान वाळतं. या चारपैकी कोण बरोबर आहे हे थोडंफार कळण्याचं साधन तुमच्या खिशात आहे. फोनमध्ये माइक आहे आणि हादरे मोजणारा सेन्सर आहे, ॲक्सेलरोमीटर. दोन्ही फक्त आकड्यांची लांबलचक रांग देतात. त्या रांगेतून ‘४८’ आणि ‘१००’ हे दोन आकडे शोधून काढायचे, एवढंच आजचं काम. हेच दोन का, ते पुढे सांगते.

आधी कल्पना समजून घेऊ. भजन चाललंय. टाळ एका ठेक्यात वाजतोय. तुम्ही मागे बसून आपल्या मनाच्या वेगाने मांडीवर थाप देताय. तुमचा वेग टाळाच्या वेगाशी तंतोतंत जुळला, तर प्रत्येक थाप टाळावर पडते. पाच मिनिटांनी मोजलं तर जुळण्याचा हिशेब भरभक्कम निघतो. पण तुमचा वेग जरासा वेगळा असेल, तर थोडा वेळ जुळतं, मग हळूहळू सरकत जातं, मग अगदी उलट पडतं, परत जुळतं. शेवटी जमा आणि वजा सारखेच होतात, हिशेब शून्य. फूरियर ट्रान्सफॉर्म हेच करतो. एकेक वेग घेतो, डेटासोबत थाप देऊन बघतो, आणि हिशेब लिहून ठेवतो. ज्या वेगाला हिशेब मोठा, तिथे ग्राफमध्ये सुळका.

आता आकड्यांत बघू. कागद असेल तर घ्या. एका सेकंदात आठ नोंदी घेतल्या, आणि त्या अशा आल्या : ०, १, ०, −१, ०, १, ०, −१. एका सेकंदात लाट दोनदा वरखाली झाली, म्हणजे २ हर्ट्झ. आपल्याला हे डोळ्यांनी दिसतंय, पण कॉम्प्युटरला दिसत नाही. त्याला तपासायला सांगू. पहिली थाप १ हर्ट्झची, तिच्या आठ नोंदी : ०, ०.७, १, ०.७, ०, −०.७, −१, −०.७. आता वरच्या आकड्याला खालच्या आकड्याने गुणायचं, जागच्या जागी. उरतात चारच : ०.७, −०.७, −०.७, ०.७. बेरीज शून्य. पुढे २ हर्ट्झची थाप, म्हणजे तीच लाट. ० गुणिले ०, १ गुणिले १, उणे एक गुणिले उणे एक... सगळे गुणाकार जमेचे. बेरीज ४. मग ३ हर्ट्झची थाप घेऊन तुम्हीच करा, परत शून्य येईल. झालं की! १ ला शून्य, २ ला चार, ३ ला शून्य. हाच तो सुळका. त्या मुलाला सांगते, भाऊ, सुळका म्हणजे गुणाकारांची बेरीज आहे, त्यापलीकडे त्यात काही गूढ नाही.

एक पेच मात्र आहे. समजा तीच लाट थोडी आधी सुरू झाली आणि नोंदी आल्या १, ०, −१, ०, १, ०, −१, ०. अजूनही २ हर्ट्झच आहे. पण २ हर्ट्झच्या साइनने गुणलं तर सगळे गुणाकार शून्य! टाळ वाजतोय, तुमचा वेगही बरोबर आहे, पण तुमची थाप दोन टाळांच्या बरोबर मधे पडतेय. उपाय सोपा आहे. दोन हातांनी थाप द्यायची, एक हात साइनचा, दुसरा पाव फेरी पुढे असलेला कॉसचा. दोन्ही बेरजा काढायच्या, दोघींचे वर्ग करून मिळवायचे, वर्गमूळ घ्यायचं. आता लाट कुठूनही सुरू होऊ दे, सुटणार नाही. आणि पुस्तकातली ती काल्पनिक संख्या इथूनच येते. दोन हातांच्या दोन बेरजा एकाच संख्येत बांधून ठेवायची ती सोय आहे. खरा भाग म्हणजे कॉसची बेरीज, काल्पनिक भाग म्हणजे साइनची, फक्त चिन्ह उलटं.

आता कोड. फोनवर पायड्रॉइड टाका, नाहीतर ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडा. लिहिता लिहिता ऐका. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, म्हणून मी बिनधास्त मराठी नावं देते.

आधी नमपाय आयात करा. ‘दर’ नावात १००० ठेवा, म्हणजे सेकंदाला हजार नोंदी. ‘वेळ’ नावात शून्यापासून दहा सेकंदांपर्यंतचे क्षण, प्रत्येक एक हजारांश सेकंदाचा. मग खोटी मोटर बनवा : ४८ हर्ट्झची साइन, उंची १, तिच्यात मिळवा १०० हर्ट्झची साइन, उंची ०.६, आणि वरून थोडा रँडम गोंगाट. हा आपला ‘आवाज’. ग्राफ काढून बघा, नुसतं केसाळ गवत दिसेल, काही कळणार नाही.

पुढे फॉर लूप. ‘वेग’ ० पासून १५० पर्यंत, ०.१ च्या पावलाने. लूपच्या आत तीन ओळी. एक, ‘आवाज’ गुणिले त्या वेगाचा कॉस, आणि सगळ्याची बेरीज. दोन, तेच साइनने. तीन, दोघींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, त्याला २ ने गुणून एकूण नोंदींनी भागा, आणि यादीत टाका. लूप संपला. यादीचा ग्राफ काढा. गवतातून दोनच सुळके वर येतील, ४८ वर उंची साधारण १ आणि १०० वर साधारण ०.६. आपण घातलं तेच बाहेर आलं. ही पायरी चुकवू नका. खऱ्या डेटावर जाण्याआधी खोट्या डेटावर कोड तपासायची सवय कुठल्याही लायब्ररीपेक्षा जास्त कामाची आहे.

मग एफएफटी कशाला? उत्तर सोपं आहे, वेळ. फोनचा माइक सहसा सेकंदाला ४४,१०० नोंदी घेतो. एका सेकंदाच्या आवाजावर सगळ्याच्या सगळ्या थापा आपल्या पद्धतीने दिल्या तर ४४,१०० चा वर्ग, म्हणजे जवळपास १९४ कोटी गुणाकार. यातले कितीतरी गुणाकार पुन्हा पुन्हा तेच असतात. ते एकदाच करून वाटून घ्यायची युक्ती जेम्स कूली आणि जॉन ट्यूकी यांनी १९६५ साली छापली, आणि हिशेब काही लाखांवर आला. गंमत अशी की गाउसने ही युक्ती १८०५ च्या सुमाराला लघुग्रहांच्या कक्षा काढताना वापरली होती, पण ती त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली आणि कोणाच्या फारशी नजरेत आली नाही. खुद्द फूरियरचंही काही सोपं नव्हतं. उष्णता कशी पसरते यावरचा त्याचा १८०७ चा निबंध पॅरिसच्या विद्वानांपुढे गेला तेव्हा लाग्रांजसारख्या माणसाने हरकत घेतली. पुस्तक यायला १८२२ उजाडलं. तर नमपायमध्ये ‘आरएफएफटी’ हे फंक्शन वापरा, उत्तर तुमच्या लूपचंच येईल, फक्त क्षणात.

आता खरी मोटर. ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं. त्यात ॲक्सेलरोमीटरची नोंद घेता येते आणि सीएसव्ही फाइल बाहेर काढता येते. जुना फोन असेल तर तो वापरा, कारण जोराच्या हादऱ्यांनी काही फोनचे कॅमेरे बिघडतात. फोन पंपाच्या बॉडीवर पक्का टेप लावून चिकटवा. फिरत्या भागाजवळ जायचं नाही, वायरच्या डब्याला हात लावायचा नाही, ओल्या जागेत तर अजिबात नाही. दहा सेकंद नोंद घ्या.

दहाच का? तर तुम्ही जितके सेकंद ऐकाल, एक भागिले तितके सेकंद एवढ्या फरकाचे दोन वेग वेगळे ओळखता येतात. एक सेकंद ऐकलं तर १ हर्ट्झचा फरक कळतो, दहा सेकंद ऐकलं तर ०.१ चा. टाळाचंच घ्या, दोन ठेक्यांत बारीक फरक असेल तर तो कळायला बराच वेळ बसावं लागतं.

फाइल उघडल्यावर आधी वेळेच्या रकान्यावरून सेकंदाला किती नोंदी आल्या ते मोजा. ॲप काय म्हणतं त्यावर जाऊ नका. काही फोन १०० देतात, काही २००, काही ४०० च्या पुढे. मग सरासरी काढून प्रत्येक नोंदीतून वजा करा. हे केलं नाही तर गुरुत्वाकर्षणाचे ९.८ तिथेच बसलेले असतात आणि शून्यावर एवढा मोठा सुळका येतो की बाकी सगळे त्याच्यापुढे चपटे दिसतात.

सेकंदाला किती नोंदी, यावर एवढा जोर का देतेय? मगाचच्या आठ नोंदींकडे परत या. आठच नोंदी ठेवून ६ हर्ट्झची लाट मोजली तर आकडे येतात ०, −१, ०, १, ०, −१, ०, १. ओळखलंत? ही २ हर्ट्झचीच लाट झाली, फक्त उलटी. ६ ने २ चं सोंग घेतलं, आणि कुठलाही कोड ते सोंग ओळखू शकत नाही, कारण आकडेच तसे आहेत. नियम असा की नोंदींच्या निम्म्यापर्यंतचेच वेग खरे दिसतात, त्यावरचे दुमडून खाली येतात. आता फोन सेकंदाला ५० च नोंदी घेत असेल, तर तुमची ४८ हर्ट्झची मोटर ग्राफमध्ये २ हर्ट्झवर दिसेल. तुम्ही म्हणाल, अरे, पंप सेकंदाला दोनदा डुलतोय, पाया ढिला झालाय! आणि पाया खणायला घ्याल. पाया ठणठणीत असतो. १०० नोंदी असतील तर ४८ कसाबसा खरा दिसतो, पण ९६ चा सुळका ४ वर येऊन बसतो. म्हणून नोंदी मोजल्याशिवाय सुळक्यावर विश्वास ठेवू नका.

आता त्या ४८ आणि १०० वर येऊ. आपल्याकडच्या बऱ्याच मोनोब्लॉक मोटरींच्या पाटीवर २८८० च्या आसपास आरपीएम लिहिलेला असतो. ६० ने भागा, ४८. म्हणजे दांडा सेकंदाला ४८ वेळा फिरतो. वीज ५० हर्ट्झची, मग दांडा ५० का नाही? इंडक्शन मोटरचा दांडा चुंबकीय क्षेत्राच्या थोडा मागेच राहतो, त्याशिवाय त्याला ओढच मिळत नाही. या मागे राहण्याला स्लिप म्हणतात. आणि १०० हर्ट्झ ही विजेची गुणगुण, कारण प्रत्येक फेऱ्यात चुंबकाचा जोर दोनदा चढतो. ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहिलं की ऐकू येते ती तीच. ती माइकने पकडा, ॲक्सेलरोमीटरच्या २०० नोंदींत १०० हर्ट्झ अगदी काठावर पडतो.

(इथे एपिसोडमध्ये मोटरीचा दहा सेकंदांचा आवाज आहे.)

आता बघा, एका ग्राफमधून काय काय निघतं. १०० च्या सुळक्याची नेमकी जागा वाचा आणि निम्मी करा, ती त्या क्षणीची विजेची फ्रिक्वेन्सी. ती ५० च्या थोडी खालीवर होत असते. तिच्यातून दांड्याचा वेग वजा करा, स्लिप मिळाली. पाटीप्रमाणे ती २ हर्ट्झच्या आसपास हवी. तुमचा दांडा ४७.३ वर दिसला, म्हणजे २८३८ आरपीएम, तर मोटर दमतेय. व्होल्टेज पडलं की मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, ती मागे राहते, जास्त करंट ओढते, तापते, आणि वाइंडिंग तिथेच जातं. उलट दांडा ४९ च्या वर गेला तर तिच्यावर भारच नाही, पाणी सुटलंय किंवा हवा ओढतेय. मीटर न लावता हे कळतं, मला ही गोष्ट अजूनही भारी वाटते.

४८ चा सुळकाच फार उंच असेल तर काहीतरी एका बाजूला जड आहे. इम्पेलरमध्ये कचरा अडकणं हे त्याचं साधं कारण. ९६ चा, म्हणजे दुपटीचा सुळका मोठा असेल तर दांडा सरळ रेषेत नसल्याचा संशय घ्यायचा. ९६ आणि १०० एवढे जवळ आहेत की नुसत्या कानाने कोणता दोष ते वेगळं काढणं कठीण, आणि पाव सेकंदाच्या नोंदीतही ते एकमेकांत मिसळतात. दहा सेकंदांत मात्र स्वच्छ वेगळे होतात. तरी शंका राहिली तर मिस्त्री लोकांची जुनी युक्ती करा : स्विच बंद करताना ऐका. विजेची गुणगुण त्याच क्षणी मरते, यांत्रिक हादरा दांडा थांबेपर्यंत राहतो. बेअरिंगचे सुळके वेगळेच, ते ४८ च्या पूर्ण पटीत येत नाहीत आणि बरेचदा वरच्या भागात असतात. बेअरिंगच्या बाबतीत फोनच्या भरवशावर निदान करू नका, मिस्त्रीला बोलवा, आणि जमलं तर ग्राफ त्याला दाखवा.

सगळ्यात उपयोगी काम तर याहून सोपं आहे. मोटर चांगली चालू असताना एक नोंद घेऊन ठेवा. तारीख घालून. नंतर आवाज बदलला की दोन ग्राफ एकावर एक ठेवायचे. एकट्या ग्राफवरून सांगणं अवघड असतं, दोन ग्राफमधला फरक शाळेतलं पोरही दाखवतं.

हेच काम फार मोठ्या मापावर आपल्याच राज्यात होतं. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. प्रत्येक तबकडीतून येणारा सिग्नल आधी फूरियरमधून जातो, मग तबकड्यांच्या जोड्या लावून गुणाकार होतात. ३० तबकड्यांच्या जोड्या ४३५. सुधारणा झाल्यावर ही दुर्बीण एका वेळी ४० कोटी हर्ट्झ रुंदीचा पट्टा बघू शकते, आणि त्यासाठी सेकंदाला ८० कोटी नोंदी घ्याव्या लागतात. दुप्पट, तोच निम्म्याचा नियम! मोबाइलचा किंवा विजेच्या तारांचा खरखराट आत शिरला तर तो बहुतेक ठरावीक वेगांवर किंवा ठरावीक क्षणी दिसतो, तेवढा भाग खोडून टाकायचा आणि आकाश ठेवायचं. आपल्या पंपापाशी शेजारच्या चक्कीचा सुळका आला तर आपणही तेच करू.

बऱ्याच जणांनी विचारलंय, बोअरच्या सबमर्सिबलचं काय? मोटर दीडदोनशे फूट खाली, फोन लावणार कुठे? वरच्या पाइपला लावून बघता येतं, पण पाइप, पाणी आणि क्लॅम्प मिळून हादऱ्याचं रूप बदलून टाकतात, त्यामुळे सुळक्यांच्या उंचीला अर्थ देऊ नका. जागा मात्र बदलत नाही. ४८ आला तर तो ४८ च, आणि स्लिप तिथूनही काढता येते. नोंद थोडी जास्त घ्या, तीस सेकंद. आणि त्या वेळी धुऱ्यावरून ट्रॅक्टर जाणार नाही एवढं बघा.